कपाटातले पत्ते आणि ॲम्स्टरडॅमचा अर्ज

पत्र थोडक्यात:

पत्र लिहिणारी मुलगी २६ वर्षांची. सातारा जिल्ह्यातलं गाव, इतिहासात एम.ए., सध्या पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाची नोकरी. वडील रसायनशास्त्राचे निवृत्त शिक्षक. वीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात गावोगाव फिरून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवलेलं. आई तीन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेली. त्या दिवसांत एका मैत्रिणीने टॅरो पत्त्यांचा, म्हणजे भविष्य पाहायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, संच भेट दिला आणि रोज सकाळी एक पत्ता काढायची सवय लागली. पत्त्यांवरून ती त्यांच्या इतिहासाकडे वळली. युरोपातल्या काही विद्यापीठांत ‘पाश्चात्त्य गूढविद्या’ हा रीतसर अभ्यासाचा विषय आहे, हे कळल्यावर तिने ॲम्स्टरडॅमला अर्ज करायचं ठरवलं. गेल्या महिन्यात वडिलांना कपाटात पत्ते आणि अर्जाची प्रत एकदमच सापडली. ‘मी आयुष्यभर जे गावाबाहेर काढलं, ते शिकायला तू कर्ज काढून जाणार?’ एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं आहे. आत्या मात्र खूश आहे. ‘परत आलीस की क्लास काढ, हल्ली लोक खूप पैसे देतात,’ म्हणते. मुलीचे प्रश्न असे: ही खरंच विद्याशाखा आहे का? जी स्वतः पत्ते काढते तिने हा विषय शिकणं ढोंग ठरेल का? घर तारण ठेवून तीस लाखांचं कर्ज काढावं का? आणि आपल्याकडे नाथपंथ, तंत्र असं एवढं असताना पश्चिमेचं कशाला?

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबा आणि आत्या दोन टोकांना उभे आहेत आणि तू मध्ये अडकली आहेस, असं तू लिहिलं आहेस. मला मात्र दोघं एकाच जागी उभी दिसतात. तू तिकडे जादू शिकायला चालली आहेस, असं दोघांनीही धरून चाललं आहे. बाबांना त्याचं दुःख होतंय आणि आत्याला त्यात उत्पन्न दिसतंय, एवढाच फरक. आणि रागावू नकोस, पण तुझ्या पत्राच्या शेवटच्या पानावर हीच समजूत तुझ्याही मनात डोकावते. ‘तिथे गेल्यावर मला यातलं खरं काय ते कळेल,’ असं तू लिहिलं आहेस. ते तिथे कळणार नाही. तिथे तो प्रश्नच विचारत नाहीत.

मग काय विचारतात? समजा १८७०च्या दशकात लंडनमधल्या एका घरात अंधार करून लोक टेबलाभोवती बसले आहेत आणि मृतात्म्याला बोलावताहेत. आत्मा आला की नाही, यावर अभ्यासक मत देत नाही. बोलावणारे कोण होते, त्यांच्या घरातलं कोण गेलं होतं, माध्यम बनलेल्या बाईला पैसे कोण देत होतं, त्या खोलीत बाईच्या तोंडून निघालेल्या शब्दाला जे वजन होतं ते चर्चमध्ये का नव्हतं, हे तो शोधतो. पुरावा म्हणजे पत्रं, रोजनिश्या, जमाखर्चाच्या वह्या, छापील पत्रकं. तू एम.ए.ला जे शिकलीस तेच हे काम आहे, फक्त दप्तर वेगळं.

विद्याशाखा म्हणून विचारशील तर तिची मुळं पक्की आहेत. लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्सिस येट्स यांनी १९६४ साली जोर्दानो ब्रूनो या सोळाव्या शतकातल्या इटालियन तत्त्वज्ञावर ग्रंथ लिहिला आणि प्रबोधनकाळातल्या विचारवंतांना जादूविषयी काय वाटत होतं, हे इतिहासकारांना गंभीरपणे घ्यावं लागलं. त्यांची बरीच अनुमानं पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली, पण दार उघडलं ते उघडलंच. पॅरिसमध्ये १९७९ पासून आंत्वान फेव्र यांनी या विषयाचं अध्यासन सांभाळलं. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात १९९९ साली ‘हर्मेटिक तत्त्वज्ञान आणि संबंधित प्रवाहांचा इतिहास’ असं अध्यासन निर्माण झालं, तेही एका खाजगी देणगीतून, आणि वाउटर हानेग्राफ त्यावर आले. २००५ साली अभ्यासकांची युरोपीय संघटना उभी राहिली. विषयाचा पसारा मोठा आहे: हर्मेस या दंतकथेतल्या ऋषीच्या नावावरचे ग्रंथ (त्यावरूनच ‘हर्मेटिक’), किमया म्हणजे हलक्या धातूचं सोनं करायची विद्या, ज्योतिष, ख्रिस्ती पंडितांनी उचललेली कबाला ही ज्यूंची गूढविद्या, रोझिक्रुशियन हा सतराव्या शतकातला गूढवादी प्रवाह, सगळ्या धर्मांमागे एकच गूढ सत्य मानणारी थिऑसॉफी, थेट आजच्या ‘न्यू एज’ अध्यात्मापर्यंत. या सगळ्याला एकत्र बांधणारा धागा कोणता, यावर तिथे अजून वाद चालतो. हानेग्राफ म्हणतात, युरोपातल्या विद्यापीठांनी स्वतःची ओळख घडवताना जे ज्ञान ‘हे आमचं नव्हे’ म्हणून बाहेर टाकलं, त्या टाकलेल्या ज्ञानाचा हा इतिहास आहे. मला हे म्हणणं पटतं, कारण त्यात टाकणाऱ्यांचाही अभ्यास आपोआप होतो.

आता बाबांकडे वळते. त्यांचा राग हलका समजू नकोस. तुमच्याच जिल्ह्यातल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी पुण्यात, ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या हयातीत आला नाही, तो त्याच वर्षी त्यांच्या मृत्यूनंतर आला. ज्या माणसाने त्या काळात हे काम केलं, त्याच्या घरच्या कपाटात भविष्याचे पत्ते सापडणं म्हणजे काय असेल, याचा विचार कर. आणि ते पत्ते घरात आले कधी? तुझी आई आजारी असताना. तू लिहिलं आहेस की त्या दिवसांत एका नातेवाइकाने कुणा महाराजांचा अंगारा आणला होता आणि बाबांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. म्हणजे ज्या गोष्टीला त्यांनी दारात अडवलं, ती मागच्या दाराने लेकीच्या हातात आली, असं त्यांना वाटलं असणार.

पण याच बाबांबद्दल तू आणखी एक गोष्ट लिहिली आहेस. कार्यक्रमात ते ‘मंत्राने’ होम पेटवून दाखवायचे. पोटॅशियम परमँगनेटवर तुपाच्या नावाने ग्लिसरीन सोडायचे आणि जाळ व्हायचा. बुवाची कला हातात आल्याशिवाय बुवाचं बिंग फोडता येत नाही. म्हणजे तुमच्या घरात जादूचा पहिला अभ्यासक तूच आहेस असं नाही.

म्हणून त्यांना दोन गोष्टी सांगून बघ, असं मला सुचतं.

पहिली हर्मेसची. १४६०च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्सचा सत्ताधीश कोसिमो मेदिची याच्याकडे एक ग्रीक हस्तलिखित आलं. ते हर्मेस त्रिस्मेगिस्तस या मोझेसइतक्या प्राचीन इजिप्शियन ऋषीचं आहे, अशी तेव्हा सगळ्यांची खात्री होती. मार्सिलिओ फिचिनो त्या वेळी प्लेटोचं भाषांतर करत होता. कोसिमोने त्याला प्लेटो बाजूला ठेवून आधी हे करायला लावलं. १४६३ साली भाषांतर झालं आणि पुढे दीडशे वर्षं युरोपातले मोठमोठे पंडित त्या ग्रंथापुढे मान तुकवत राहिले. मग १६१४ साली इझाक कासोबाँ या भाषापंडिताने त्यातली ग्रीक भाषा तपासली. शब्द कोणत्या काळातले, वाक्यरचना कोणाच्या धाटणीची, कोणत्या ग्रंथांचे पडसाद त्यात येतात, हे सगळं पाहून त्याने दाखवून दिलं की हे लेखन ख्रिस्तानंतरचं आहे. प्राचीनतेचा दावा व्याकरणाच्या जोरावर मोडला. आपल्याकडेही हजारो वर्षांच्या प्राचीनतेचे दावे रोज ऐकू येतात. ते तपासायचं हत्यार हेच आहे, आणि बाबांना ते लगेच ओळखू येईल.

दुसरी गोष्ट त्यांच्याच विषयातली. ही सावकाश सांग. लॉरेन्स प्रिन्सिपे नावाचे अमेरिकन प्राध्यापक आहेत, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि विज्ञानाचा इतिहास या दोन्हींत पीएच.डी. केलेले. जुन्या किमयागारांच्या कृती ते प्रयोगशाळेत करून पाहतात. बॅझिल व्हॅलेंटाइन या नावाने छापल्या गेलेल्या एका पुस्तकात अँटिमनी या धातूसारख्या मूलद्रव्यापासून पिवळी, पारदर्शक काच बनवायची कृती आहे. प्रिन्सिपे यांनी आजचं शुद्ध रसायन घेऊन ती केली. काच काही झाली नाही, राखाडी गोळा उरला. पुन्हा केली, पुन्हा तेच. किमयागार थापा मारत होते, असं म्हणून तिथेच थांबता आलं असतं. पण मूळ कृतीत खनिज वापरायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी पूर्व युरोपातल्या खाणीचं खनिज मागवलं. अँटिमनीचं हे खनिज म्हणजे आपला सुरमाच. ते भाजलं, वितळवलं, ओतलं, आणि सोनेरी काच तयार झाली. कारण शोधल्यावर कळलं की त्या खनिजात थोडासा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा दगड, मिसळलेला असतो आणि काच होते ती त्याच्यामुळे. शुद्ध माल वापरला म्हणून प्रयोग फसत होता.

पुढे त्यांनी विशेष तऱ्हेने तयार केलेला पारा आणि सोनं बंद कुपीत तापवत ठेवलं, आणि जुन्या ग्रंथांत वर्णन केलेलं धातूचं ‘झाड’ त्या कुपीत फांद्या फुटून उभं राहिलं. यातून लोखंडाचं सोनं होतं असं सिद्ध होत नाही, तसं कुणी म्हणतही नाही. एवढंच सिद्ध होतं की ती माणसं भट्टीपुढे बसून खरोखर काम करत होती आणि डोळ्यांना दिसलेलं लिहीत होती. न्यूटनही त्यांच्यातलाच. किमयेवर त्याने लिहिलेल्या कागदांत सुमारे दहा लाख शब्द आहेत. १९३६ साली ते कागद लिलावात आले, तेव्हा केन्स या अर्थतज्ज्ञाने त्यातले बरेच विकत घेतले, वाचले, आणि न्यूटन हा विवेकयुगातला पहिला नसून जादूगारांतला शेवटचा होता, अशा अर्थाचं लिहून ठेवलं.

एक गोष्ट मात्र बाबांपासून लपवू नकोस. त्यांचं काम माणसाला फसवणुकीतून सोडवण्याचं आहे. या विद्याशाखेचं काम ते नाही. तिथे बुवाला उघडं पाडायला शिकवत नाहीत, समजून घ्यायला शिकवतात, आणि समजून घेताना कधीकधी फार मवाळ होण्याचा धोका असतो. ही टीका त्या क्षेत्रातले लोक स्वतःही करतात. ‘तुम्ही करता तेच मी करणार आहे’ असं म्हणालीस तर ते अर्धसत्य होईल, आणि त्यांना ते कळेल.

आता पत्त्यांविषयी. ढोंग का, असं तू विचारतेस. कीर्तन ऐकणाऱ्याने वारकरी संप्रदायाचा इतिहास लिहिला तर आपण त्याला ढोंगी म्हणत नाही. आपल्याकडे दैवतांचा, पंथांचा किती तरी उत्तम अभ्यास त्या परंपरेवर माया असलेल्या माणसांनीच केला. अट एवढीच की पुरावा मायेच्या विरुद्ध गेला तर पुराव्याचं ऐकावं लागतं. तुझ्या पत्त्यांबाबत तो विरुद्ध जाईलच, हे आत्ताच सांगते. टॅरो १५व्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून सुरू झाला. त्यात इजिप्तचं गुप्त ज्ञान दडलं आहे, ही कल्पना १७८१ साली कूर द जेबलॅ या फ्रेंच लेखकाने छापली. तेव्हा इजिप्शियन चित्रलिपी वाचू शकणारा एकही माणूस जगात नव्हता, ती १८२२ साली उलगडली. आणि तुझ्याकडे जो संच आहे असं तू वर्णन करतेस, तो १९०९ साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेला दिसतो.

हे वाचून तुला काय वाटलं? स्वतःशी खरं बोल. ‘अरे वा, ही पामेला कोण होती?’ असं वाटलं असेल तर तुझ्यात अभ्यासक आहे. आत काहीतरी तुटल्यासारखं वाटलं असेल, तर तेही चूक नाही. पण मग तुला जे हवं आहे ते विद्यापीठात मिळणार नाही. तू लिहितेस, रोज सकाळी पत्ता काढताना कुणीतरी आपली विचारपूस करतंय असं वाटतं. आई सकाळी फोन करायची, हेही तू दोन ओळी वर लिहिलं आहेस. या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. त्या दुःखासाठी समुपदेशक आहेत, मैत्रिणी आहेत, आणि त्याच घरात तीन वर्षांपूर्वी बायको गमावलेला एक माणूस आहे. त्यासाठी तीस लाखांचं कर्ज काढायला नको.

अर्ज करण्याआधी एक काम कर. या दुविधेत असणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. आपल्याला ओढ वाटणाऱ्या एखाद्या गूढ वस्तूचा, पत्ते असोत, कुंडली असो वा गंडा असो, दीड हजार शब्दांत इतिहास लिही. कुणी बनवली, कुठे छापली, कुणी विकली, कुणी आणि का विकत घेतली. ‘खरी’ किंवा ‘खोटी’ हे शब्द एकदाही वापरायचे नाहीत. दोन महिने लागतील. लिहून झाल्यावर आणखी शोधावंसं वाटतंय की पत्ता काढावासा वाटतोय, ते बघ.

‘पश्चिमेचं कशाला’ हा प्रश्न तू संकोचत विचारला आहेस, पण तुझ्या पत्रातला तो सगळ्यात मोलाचा. त्या क्षेत्रातही गेली काही वर्षं ‘पाश्चात्त्य’ या शब्दावर जोरात वाद चालू आहे, आणि वादाचा एक मोठा धागा आपल्या दारातून जातो. १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या थिऑसॉफिकल सोसायटीचे संस्थापक, मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट, १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबई बंदरात उतरले. गिरगावात बिऱ्हाड केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईतून त्यांचं मासिक सुरू झालं. १८८२च्या अखेरीस मद्रासजवळ अड्यारला जाईपर्यंत त्यांचं मुख्य ठाणं मुंबई होतं. काही काळ दयानंद सरस्वतींच्या आर्य समाजाशी युती होती, मग ती बिनसली. १८८५ साली लंडनच्या एका संशोधन संस्थेने ब्लाव्हाट्स्कींचे चमत्कार बनावट असल्याचा अहवाल दिला. ही गोष्टसुद्धा बाबांना सांग.

आणि मग तुकाराम तात्या पडवळांची गोष्ट सांग. १८६१ साली ‘जातिभेद विवेकसार’ लिहून जातिव्यवस्थेवर घाव घालणारे हे मुंबईचे गृहस्थ. त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १८६५ साली जोतीराव फुल्यांनी काढली. हेच तुकाराम तात्या पुढे थिऑसॉफिकल सोसायटीचे मुंबईतले खंदे कार्यकर्ते झाले आणि योगावरचे, वेदान्तावरचे ग्रंथ छापण्यात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. फुल्यांच्या वर्तुळातला माणूस ब्लाव्हाट्स्कींच्या वर्तुळात कसा गेला? त्याला तिथे काय सापडलं? समतेची भाषा तिथे वेगळ्या शब्दांत मिळाली, की जुनी वाट त्याने सोडली? हे लिहायला मराठी यावं लागतं, मोडी वाचता आली तर आणखी बरं, आणि ‘इंदुप्रकाश’, ‘दीनबंधु’, ‘केसरी’ यांचे त्या वर्षांतले अंक उलटावे लागतात. ॲम्स्टरडॅममधल्या हुशार विद्यार्थ्यांना लॅटिन येतं, जर्मन येतं. हे येत नाही. तुला येतं. तू नेमकी हीच गोष्ट अर्जात कुठेही लिहिलेली नाहीस. तुझं निवेदन हर्मेसपासून सुरू होऊन मानसशास्त्रज्ञ युंगपाशी संपतं, आणि ते इटलीतली कुणीही मुलगी लिहू शकली असती.

पैशाचं थोडक्यात आणि स्पष्ट सांगते. घर तारण ठेवू नकोस. या विषयात कायम नोकऱ्या मोजक्या आहेत आणि त्याही दोनचार माणसांच्या आणि देणगीदारांच्या आधारावर उभ्या असतात. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठात २००५ साली असंच केंद्र निघालं, त्याचे प्रमुख निकोलस गुडरिक-क्लार्क २०१२ साली वारले आणि २०१४ साली केंद्र बंद झालं. दहा वर्षांनी, २०२४ला, तिथेच जादू आणि गूढविद्येच्या इतिहासाचा नवा एम.ए. सुरू झाला. म्हणजे विषय मरत नाही, पण त्याच्या भरवशावर हप्ते भरता येत नाहीत. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना नेदरलँड्समध्ये फी कितीतरी जास्त पडते, म्हणून पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, असं मनाशी पक्कं कर. ब्रिटनसाठी चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते, आणि तुझ्या बाबतीत ती अडचण नाही.

तोवर वर्ष वाया जात नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि एशियाटिक सोसायटीत सुट्टीच्या दिवशी जाऊन बस. तुकाराम तात्यांवर एक लेख लिही, मराठीत लिही, छापून आण. तो जोडून पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅम आणि एक्सेटर दोन्हीकडे अर्ज कर. शिष्यवृत्ती नाही मिळाली, तर इथल्याच विद्यापीठात इतिहासाच्या पीएच.डी.साठी हाच विषय घेता येतो. मार्गदर्शक आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाचे असले तरी चालतील. आत्याला एवढंच सांग की क्लास निघणार नाही. ती दोन दिवस खट्टू होईल.

बाबांशी बोलायला मात्र लेखाची वाट पाहू नकोस. या शनिवारी गावी जा. अर्ज, शिष्यवृत्ती काही काढू नकोस. चहा झाला की सुरम्याची गोष्ट सांगायला सुरुवात कर, आणि शुद्ध अँटिमनीतून काच झाली नाही, इथे थांब. का झाली नसेल, ते त्यांना विचार. छत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस आहे, गप्प बसणार नाही. ते काय म्हणाले, मला कळव.